काम नसताना पालिकेत कसं जावं : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सरकारी इमारत पर्यटक म्हणून बघायला जायचं तर पात्रतेची अट एकच आहे. तिथे तुमचं काही काम अडकलेलं नसावं.

ऐकायला सोपी वाटते, पण मराठी घरात या अटीत बसणारा माणूस शोधायला निघालात तर दुपार उलटेल. कुणाचा सातबारा अजून पणजोबांच्या नावावर आहे, कुणाच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स वीस वर्षं व्हायचंय, कुणाच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव पडलंय. तुमचंही असं काही असेल तर ते आधी उरकून घ्या. दोन-तीन वर्षं हाताशी ठेवा. मग पुढचं वाचा.

सरावासाठी आपण मुंबई महानगरपालिकेचं मुख्यालय घेऊ. बोरीबंदरला (कागदोपत्री छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, माझ्या आत्याच्या तोंडी अजून व्हीटी) उतरून बाहेर आलं की समोर दोन रस्त्यांच्या बेचक्यात जी दगडी इमारत बसलेली दिसते, तीच. २०२१ च्या जानेवारीत पालिकेने ही इमारत शनिवार-रविवारी लोकांना आतून दाखवायला सुरुवात केली. सोबत माहिती सांगणारा माणूस असतो, नाव आधी नोंदवावं लागतं. जिथे आजवर लोक नाइलाजाने येत होते तिथे तिकीट काढून हौसेने यायची ही सोय आहे, आणि तिची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून ही मार्गदर्शिका.

सोबत काय नेऊ नये

फाइल. पारदर्शक, चापवाली, दोरीची, कुठलीच नको. मूळ कागद, त्यांच्या तीन-तीन झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, गोंदाची बाटली आणि टाचण्या घरी ठेवा. ओळखपत्र मात्र असू द्या, ते दारावर लागू शकतं. पण त्याची स्वतः सही केलेली प्रत न्यायची नाही, हे मी मुद्दाम लिहितोय. पहिल्या खेपेला माझ्या पिशवीत ती होती. ती मी केव्हा ठेवली ते मला आठवत नाही. सरकारी इमारतीकडे निघालं की हात आपोआप झेरॉक्सच्या दुकानाकडे वळतो, आणि दुकानदारही विचारत नाही, दोन्ही बाजू मारून देतो.

दारावरचा नमुना संवाद

हा घरी आरशासमोर म्हणून पाहावा. कुठल्याही सरकारी दारावर उपयोगी पडतो.

"कुठं जायचंय?"

"बघायला आलोय."

"कुणाला?"

"कुणाला नाही. इमारत."

इथे क्षणभर शांतता होईल. घाबरू नका. पहारेकऱ्याच्या सेवेत हे उत्तर क्वचित आलेलं असतं. तो तुमच्या हाताकडे बघेल, फाइल नाही हे त्याच्या लक्षात येईल, आणि मग एक तर तो तुम्हाला योग्य रांगेकडे पाठवेल किंवा "इमारतीत काय बघायचंय?" असं विचारेल. हा दुसरा प्रश्न खरा अवघड. याचं उत्तर देता यावं म्हणून पुढचे धडे आहेत.

साहेब आहेत का, असं मात्र विचारू नका. जीभ वळवळेल. आवरा.

मानेचा व्यायाम

या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हा.

सरकारी खिडकी पोटाच्या उंचीवर असते. तिच्याशी बोलायला माणसाला वाकावं लागतं, आणि भोक लहान असल्यामुळे मान तिरकी करून कान आत घालावा लागतो. वर्षानुवर्षं हे केल्यावर आपल्या मनात सरकारी इमारत साधारण चार फूट उंच होऊन बसते. त्यावर काय आहे ते आपण पाहिलेलंच नसतं. दोनशे वेळा चढलेल्या जिन्याचे खांब कशाचे आहेत, छत लाकडी आहे की विटांचं, कमानीच्या टोकाला पोपट आहे की पान, विचारून बघा. मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या कुठल्या टेबलाशी दुपारी तीननंतर कुणी भेटत नाही, हे नीट सांगता येईल.

मला हे एका जुन्या दगडी कचेरीत कळलं. गाव सांगत नाही, काम अजून पूर्ण व्हायचंय. अकरावी की बारावी खेप होती. बाकावर माझ्या डाव्या हाताला एक आजी पिशवीतून शेंगदाणे काढून खात होत्या, उजवीकडे एक गृहस्थ आपल्या अर्जावर आलेला शेरा पुन्हापुन्हा वाचत होते. एवढ्यात लाइट गेले. पंखा घरघरत थांबला. पंखा बंद पडल्यावर माणूस वर बघतोच, तसं मी पाहिलं, आणि पंख्याच्या दांड्यामागे सागवानी तुळईचं टोक दिसलं. त्यावर कमळ कोरलेलं होतं. पूर्ण उमललेलं नाही, बाहेरच्या पाकळ्या सुटलेल्या आणि आतल्या अजून मिटलेल्या, असं. एका पाकळीवरून तीन वायरी गेल्या होत्या, दुसरीवर कबुतराच्या काड्या. कुणीतरी कधीतरी चुना मारताना अर्धं कमळही पांढरं करून टाकलं होतं. पण उरलेल्या अर्ध्यात सुताराच्या पटाशीची एकेक रेघ स्वच्छ होती.

मी वर बघतोय म्हणून टेबलामागचे कारकूनही वर बघू लागले. बराच वेळ पाहून म्हणाले, "हे कधीपासून आहे?"

त्या टेबलावर त्यांची सव्वीस वर्षं झाली होती.

तर व्यायाम असा. जाण्याआधी आठवडाभर रोज सकाळी उभं राहून मान हळूहळू मागे न्यावी आणि दहा अंक मोजावेत. चक्कर आली तर समजावं की सवय सुटलेली आहे. पालिकेच्या मुख्य जिन्याखाली उभं राहून घुमटाकडे बघायचं तर ही तयारी लागतेच. स्पाँडिलायटिसवाल्यांनी पट्टा लावून यावं. आमच्या गटात दोघे होते.

पायाभरणी आणि पाया

आता थोडा इतिहास. सरकारी इमारतीचा इतिहास ऐकताना नवशिक्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पायाभरणी वेगळी आणि पाया वेगळा.

पालिकेच्या या इमारतीची कोनशिला ९ डिसेंबर १८८४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली. रिपन म्हणजे १८८२ च्या ठरावाने हिंदुस्थानात स्थानिक स्वराज्याची वाट मोकळी करणारे, तेव्हा पाहुणा अगदी योग्य होता. त्याच आठवड्यात त्यांचा कार्यकाळ संपला. प्रत्यक्ष कामाला हात लागला २५ एप्रिल १८८९ रोजी. मधली चार वर्षं चार महिने काय चाललं होतं, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी "नकाशा मंजुरीला गेलाय" हे वाक्य ऐकलंय त्याला सांगायला नको. इथे तर नकाशे दोन होते. एक रॉबर्ट चिझम यांचा, कमानी-छत्र्यांच्या हिंदी-मुसलमानी वळणाचा. दुसरा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, गॉथिक. शेवटी स्टीव्हन्स यांचा पसंत पडला, पण घुमट पाहिलात तर लक्षात येईल की गॉथिकच्या डोक्यावर स्टीव्हन्सनेही पूर्वेकडची पगडी बांधलीच. काम केलं व्यंकू बाळूजी काळेवार या कंत्राटदाराने, आणि १८९३ साली इमारत पुरी झाली.

इथवर सगळं ओळखीचं वाटेल. धक्का पुढे आहे, म्हणून हा भाग बाकावर बसून ऐकावा.

मंजूर रक्कम होती ११,८८,०८२ रुपये. खर्च आला ११,१९,९६९ रुपये. म्हणजे ६८,११३ रुपये उरले.

आमच्या वाटाड्याने हे आकडे अगदी सहज सांगितले आणि तो पुढे कमानींकडे निघाला. गट हलेना. आमच्यात एक निवृत्त अभियंते होते, उभी हयात सरकारी बांधकामात गेलेली. त्यांनी आकडे पुन्हा सांगायला लावले. मग तिसऱ्यांदा. मनात वजाबाकी केली, ओठ हलताना दिसत होते.

"उरले?" ते म्हणाले.

"हो काका, उरले."

"मग पुढच्या वर्षी ग्रँट कापली असणार."

ज्यांना हा विनोद वाटला त्यांनी मार्च महिन्यात कुठल्याही कार्यालयात चक्कर मारावी. एकतीस तारखेच्या आत खर्च झाला नाही तर पैसा परत जातो, आणि पैसा परत घालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात त्याच नजरेने काका त्या कमानीकडे बघत होते. पुढचा तासभर ते आमच्यासोबत चालले, पण इमारत त्यांना दिसत नव्हती. मधूनच "अडुसष्ट हजार" असं पुटपुटायचे.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी उच्च न्यायालयाची गोष्ट सांगितली. ती इमारत कर्नल जेम्स फुलर यांची. १८७१ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, १८७८ च्या नोव्हेंबरात संपली. मंजुरी १६,४७,१९६ रुपयांची, खर्च १६,४४,५२८. उरले फक्त २,६६८. काकांचा चेहरा जरा उजळला. "हे पटतं," म्हणाले. "यात माणसाने हिशेब जुळवून आणलाय."

सभागृहात काय करावं

बसू नये. एवढंच.

तुम्ही बसू पाहालच. महापौरांच्या खुर्चीकडे पाहून प्रत्येकाच्या गुडघ्यात काहीतरी होतं. सागवानी छताचं उंच सभागृह, रांगेने मांडलेल्या जागा, आणि २००० साली इथे आग लागली होती हे ऐकल्यावर त्या लाकडाकडे माणूस जरा जपून बघायला लागतो. इथून २२७ निवडून आलेले नगरसेवक शहर चालवतात, असं पुस्तकात आहे. २०२२ च्या मार्चमध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. मी गेलो ते त्याच काळात. नगरसेवक येत नव्हते, पण शनिवार-रविवारी बघे येत होते. वाटाड्याने नगरसेवक कुठे बसतात ते दाखवलं तेव्हा एका शाळकरी मुलीने विचारलं, "बसतात की बसायचे?" व्याकरणाचा इतका नेमका प्रश्न मी त्या आठवड्यात दुसरा ऐकला नाही.

१८७३ साली ही महानगरपालिका पहिल्यांदा भरली तेव्हा तिला स्वतःचं सभागृहही नव्हतं. सभा टाउन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिकच्या पायऱ्या चढून, व्हायची. मुंबईचा कारभार कायद्यात बसवण्यासाठी झटलेले फिरोजशहा मेहता आता बाहेर पुतळा होऊन उभे आहेत. आत जाताना कुणी त्यांच्याकडे बघत नाही, कारण रस्ता ओलांडताना नजर बेस्टच्या बसवर असते. बाहेर पडताना बघा.

समोरची इमारत

बाहेर पडलात की समोरच्या स्टेशनाकडे वळा. तेही स्टीव्हन्सचंच. १८७८ साली काम सुरू केलं, दहा वर्षं त्यात घातली, आणि ते झाल्यावर रस्त्यापलीकडे पालिका उभी करायला घेतली. एका माणसाने चौकाच्या दोन्ही बाजू बांधल्या, आणि पुढे १९०० साली तो इथेच वारला. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याची कबर आहे.

स्टेशन २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. घुमटावर उभी आहे ती प्रगती, बाईच्या रूपात. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, म्हणजे ब्रिटन, आणि दुसरीकडे वाघ, म्हणजे आपण. दर्शनी भिंतीवरच्या गोल चौकटींत गोऱ्या संचालकांच्या रांगेत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉयही आहेत. नाना शंकरशेटांना शोधायचं तर पगडी शोधा. मी आठ वर्षं रोज त्यांच्या खालून गेलोय, ठाणा लोकलसाठी धावत. त्यांची पगडी पहिल्यांदा दिसली ती पालिकेच्या दारात उभं राहिल्यावर.

पालिकेने आपल्या मुख्यालयाबाहेर स्टेशनासोबत फोटो काढायला एक जागाही करून दिली आहे. तिथे दिवसभर गर्दी असते. सगळ्यांचे चेहरे मोबाइलकडे, पाठ स्टेशनाकडे, आणि समोर पालिका, जिच्याकडे कुणीच बघत नाही. तुम्ही फोटो काढून झाल्यावर फोन खिशात घाला आणि तिथेच पाच मिनिटं उभे राहा. मानेचा व्यायाम इथेही चालतो.

न्यायालयात जाताना

मुंबई उच्च न्यायालयही ठरावीक वेळी बघ्यांना दाखवतात. इथे येणाऱ्याने नमुना संवाद विसरावा. काळा कोट नसलेला माणूस इथे पक्षकारच समजला जातो. बाहेरच्या बाजूच्या कोरीव कामात हातात तराजू घेतलेलं एकाक्ष माकड आहे, ते विचारून बघून घ्या. एका पारशी उपकंत्राटदाराने खटला हरल्याचा राग असा दगडात काढला, अशी कथा सांगतात. खरी असो नसो, इतक्या टिकाऊ कागदावर तक्रार अर्ज दुसऱ्या कुणी केलेला नाही.

दालन क्रमांक ४६ मध्ये मात्र गप्प राहा. २२ जुलै १९०८ रोजी रात्री टिळकांना इथेच सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर. हेच दावर अकरा वर्षांपूर्वी, वकील असताना, टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. टिळक शिक्षा ऐकून जे बोलले त्याची शिला १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते याच इमारतीत लावली गेली. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्यानेच आरोपीचं उत्तर भिंतीवर कोरून ठेवावं, असं फार ठिकाणी बघायला मिळत नाही. ती शिला सावकाश वाचा. वाचून झाल्यावर काही बोलायची गरज नाही.

वरच्या इयत्तेसाठी

वाटाड्याबरोबर, रविवारी, रिकाम्या इमारतीत हिंडणं हा पाळण्यातला सराव झाला. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी कामाच्या दिवशी चालू कार्यालयात जाऊन दाखवावं. त्यासाठी स्टेशनाला लागूनच असलेलं जीपीओ उत्तम. मुख्य टपाल कार्यालय, जॉन बेग यांनी बांधलेलं, १९१३ साली पुरं झालेलं. घुमटासाठी बेगने विजापूरचा गोलघुमट डोळ्यापुढे ठेवला. तिकीट नको, नाव नोंदणी नको, कारण ते पोस्ट आहे. कुणीही आत जाऊ शकतो.

युक्ती अशी की काहीतरी छोटं काम घेऊन जायचं. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड पुरे. म्हणजे रांगेत उभं राहायचा हक्क मिळतो, आणि रांगेत असेपर्यंत कुणी काही विचारत नाही. मी तसंच केलं. रांग आठ-दहा जणांची होती. पुढच्या बाईंच्या हातात राख्यांची पाकिटं होती, कुठलं किती ग्रॅमचं होईल याचा त्या अंदाज बांधत होत्या. मी वर पाहिलं. मधल्या प्रचंड दालनावर तो घुमट थेट उभा होता, आणि खाली ठप ठप शिक्के मारल्याचे आवाज वर जाऊन जरा वेळाने, मऊ होऊन, परत येत होते. कुठला शिक्का आत्ताचा आणि कुठला मघाचा ते कळेना. मी ते जुळवत राहिलो. रांग सरकत होती हे समजत होतं, पण पायांना.

मग कुणीतरी मागून खांद्याला हात लावला. विशीतला मुलगा, बगलेत पार्सल.

"ओ काका, खिडकी समोर आहे. वर नाही."